जुनं काम चालू करून दाखवा

बारावीचा निकाल लागला की कडोदऱ्यातून, लिंबायतमधून, कधी थेट नवापूरहून फोन येतात. फोन करणारे बहुतेक मिलमधले नाहीतर लूम्सवरचे. खानदेश सोडून सुरतेला आलेली ही पहिली किंवा दुसरी पिढी. "पोराला कॉम्प्युटरवर चित्रं काढायचा नाद आहे. न्यू मीडिया आर्ट म्हणून डिग्री निघाली आहे म्हणे. टाकू का?" फीचा आकडा आधी सांगतात, मग आवाज खाली आणून विचारतात की शिकून पोरगा करणार काय.

मी त्यांना एकच गोष्ट करायला सांगतो. संस्थेत जा, चहा घ्या आणि म्हणा, पाच-सात वर्षांपूर्वीच्या मुलांनी केलेलं एखादं काम आम्हाला चालू करून दाखवा. त्याचा फोटो नको, व्हिडिओ नको, माहितीपुस्तिकेतलं गुळगुळीत पानही नको. खुद्द काम हवं. पडद्यावर हात लावला की काहीतरी घडायचं असेल, तर ते आमच्यासमोर घडू दे.

फार थोड्या ठिकाणी ते घडतं.

माझं स्वतःचंही घडत नाही. मी एका खासगी संस्थेत शिकलो, तेव्हा वेबवर ॲनिमेशन आणि खेळ करायच्या फ्लॅश या सॉफ्टवेअरचे दिवस होते. वर्गात शिकवलं जाई तेही फ्लॅश, परीक्षाही फ्लॅशची. वडील कडोदऱ्याच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये, कापड रंगवायच्या जेट मशीनवर होते. त्यांच्या खात्यातल्या माणसांचे आवाज मी टेप केले होते. कुणी अहिराणीत, कुणी उडियात, कुणी भोजपुरीत, आपापल्या भाषेत रंगांबद्दल बोलायचे. पडद्यावर स्टेंटरमधून, म्हणजे ताणून वाळवणाऱ्या यंत्रातून, निघणारं कापड सरकत राही. त्यावर माउस फिरवला की तिथला रंग बदले आणि त्या रंगाबद्दल बोलणारा माणूस ऐकू येई. नानाकाका धुळ्याहून आले की दर वेळी विचारायचे, "काय शिकी राह्यना रे तू?" त्यांना हे दाखवलं, आणि मग त्यांनी विचारणं सोडलं. माझ्या पदवीवरची तीच मोठी मोहोर होती.

फ्लॅश बंद करणार, हे अडोबी कंपनीने जुलै २०१७मध्येच जाहीर केलं होतं. ३१ डिसेंबर २०२० रोजी आधार थांबला आणि १२ जानेवारी २०२१पासून प्लेअर स्वतःच काही चालवायला नकार देऊ लागला. म्हणजे मुदत साडेतीन वर्षांची होती. संस्थेकडे आमच्या तुकडीच्या कामांच्या कपाटभर सीडी होत्या, पण तेवढ्या काळात 'आपापलं काम हलवून घ्या' असं एक पत्र कुणाला गेलं नाही. आयफोनवर फ्लॅश कधीच चालला नव्हता, त्यामुळे वाऱ्याची दिशा त्याआधीच कळायला हवी होती, असं आज कुणीही म्हणेल. पण एकोणीस वर्षांच्या पोराने ती ओळखावी म्हणून तर तो शिक्षकाला फी देतो ना?

आता 'रफल' नावाचं एक मुक्त सॉफ्टवेअर आहे, ते जुन्या फ्लॅश फाइली चालवून दाखवतं. इंटरनेट आर्काइव्हने २०२०च्या नोव्हेंबरमध्ये त्याच्या जोरावर जुने खेळ आणि ॲनिमेशन जपायला सुरुवात केली. माझं काम मी त्यात घातलं. कापड सरकलं, रंगही बदलला, माणसं मात्र बोलली नाहीत. बाकी राहिली ती टेप केलेल्या आवाजांची मूळ फाइल, कारण ती साध्या, सगळीकडे वाजणाऱ्या स्वरूपात होती. आणि आराखड्याची वही, कारण ती कागदाची होती.

त्या कामासोबतचं निवेदन मी मराठीत टाइप केलं होतं, त्याची गत आणखी मजेशीर झाली. त्या काळातले बरेच मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागेवर देवनागरी आकार बसवून चालायचे. तो एक फॉन्ट संगणकात नसला की मजकुराचा कचरा दिसतो. युनिकोडमध्ये टाइप केलेलं मात्र आजही जसंच्या तसं वाचता येतं. विंडोजवर मराठी टाइप करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने ज्या 'मंगल' फॉन्टमध्ये कधी ना कधी काम केलं, तो र. कृ. जोशी यांनी घडवला. मुंबईच्या जे. जे. कलासंस्थेत शिकलेला, जाहिरातक्षेत्रात मुरलेला, आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवणारा हा सुलेखनकार. नव्या माध्यमात काम करणारा मराठी कलावंत म्हणून माझ्या डोळ्यांपुढे पहिलं नाव त्यांचं येतं. त्यांची पकड अक्षराच्या बांधणीवर होती. बोरू गेला आणि संगणक आला तरी ती सुटली नाही. पण आमच्या अभ्यासक्रमात त्यांचं नाव नव्हतं. कुठलं बटण कुठल्या मेनूत आहे, ते होतं.

सॉफ्टवेअरच्या नावांवर विकला जाणारा अभ्यासक्रम मला म्हणूनच संशयास्पद वाटतो. जाहिरातीत आठ-दहा सॉफ्टवेअरची बोधचिन्हं ओळीने छापलेली असतील, तर ती तुमची पोरं पदवी घेईपर्यंतसुद्धा तशीच राहतील याची खात्री नाही. हल्ली त्या ओळीत एआयची दोन-तीन चिन्हं वाढली आहेत. ती आणखी लवकर बदलतील.

मग शिकायचं काय, तर यंत्र आत काय करतं ते. आणि याबाबतीत कडोदऱ्याच्या पोराचं नशीब वाईट नाही. कडोदरा-पलसाणा पट्ट्यात आणि सुरतभर नक्षी विणणारे जेकार्ड माग चालतात. फ्रान्समधल्या लियाँच्या जोसेफ मारी जाकारने १८०४च्या सुमारास हे यंत्र पुढे आणलं. नक्षी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर असते. पुठ्ठ्यात भोक असेल तिथे सुई पार जाते आणि ताण्याचा धागा उचलला जातो. भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. हो किंवा नाही, एवढ्यावर अख्खं फूल विणलं जातं. चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी पुठ्ठ्यांची कल्पना उचलली ती इथूनच. पिक्सेल म्हणजे काय, हे मला वर्गातल्या स्लाइडवरून कळलं नाही. शेजारच्या खात्यात आलेखाच्या कागदावर डिझाइनचा एकेक चौकोन भरणाऱ्या माणसाकडून कळलं. एम्ब्रॉयडरीचं पंचिंग करणारी पोरंही तेच करतात. टाका कुठून सुरू करायचा, कुठल्या दिशेने भरायचा, धागा कुठे तोडायचा, हे सगळं मशीनला आधी सांगून ठेवायचं. सॉफ्टवेअर बदललं तर ती आठवड्यात नवं शिकतात, कारण टाका त्यांना कळलेला असतो. पदवीच्या वर्गात अशी दोन मुलं आली, तर चांगला शिक्षक त्यांना पहिल्या बाकावर बसवील.

कलावंत शिल्पा गुप्ताचं उदाहरण मी पालकांना आवर्जून देतो. आंतरक्रियात्मक व्हिडिओ, ध्वनी, वेबसाइट, या सगळ्यांत तिने काम केलं, जगभर प्रदर्शनं झाली. पदवी मात्र जे. जे.मधली, १९९७ची, शिल्पकलेची. तिच्या एका प्रसिद्ध कलाकृतीत हजारो मायक्रोफोनांचा काळा ढग टांगलेला आहे आणि आवाज आत जाण्याऐवजी त्या मायक्रोफोनांतूनच बाहेर येतो. तेव्हा पदवीच्या नावात 'डिजिटल' नसलं म्हणून कुणी घाबरू नये. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला शाखा १९५०पासून आहे, आणि सुरतेहून बडोदा गाडीने दोन-अडीच तासांवर. तिथे चित्र किंवा शिल्प नीट शिकून पुढे गांधीनगरला राष्ट्रीय डिझाइन संस्थेत (एनआयडीत) न्यू मीडिया डिझाइनचं पदव्युत्तर शिक्षण घेता येतं, नाहीतर सीड ही डिझाइनची प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटी मुंबईच्या आयडीसीकडे जाता येतं. वाट लांबची आहे, प्रवेश अवघड आहे. तरी पहिल्याच वर्षी महागड्या नावाच्या पदवीत उडी घेण्यापेक्षा मला ती बरी वाटते.

मान्यतेचं थोडक्यात सांगतो. पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६च्या कायद्यानुसार विद्यापीठाला असतो, शॉपिंग सेंटरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या संस्थेला नसतो. 'आमचा टायअप आहे' म्हणाले, तर कुठल्या विद्यापीठाशी, आणि त्या विद्यापीठाला त्याच्या राज्याबाहेर केंद्र चालवायची परवानगी आहे का, हे लेखी मागा. छत्तीसगडमध्ये २००२च्या एका कायद्याच्या आधारे निघालेली शंभरावर खासगी विद्यापीठं सर्वोच्च न्यायालयाने २००५मध्ये, प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर, एका निकालात रद्द ठरवली. तिथे नाव घातलेल्या पोरांनी तो कायदा वाचला असेल असं मला वाटत नाही. आयोगाच्या संकेतस्थळावर बनावट विद्यापीठांची यादी असते. ती बघायला पाच मिनिटं लागतात.

लॅबकडे जास्त वेळ द्या. ती संध्याकाळी सहाला बंद होते की रात्री उघडी असते? पूर्णवेळ शिक्षक किती आणि तासावर येणारे किती? सॉफ्टवेअरचा परवाना कुणाच्या नावावर आहे? अडोबीच्या मुख्य सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या २०१३पासून भाड्यानेच मिळतात. संस्थेच्या नावावरचं खातं निकालानंतर बंद झालं, की आपलीच फाइल उघडायला पैसे भरायची वेळ येते. क्लाउडमध्ये ठेवलेलं कामही त्या खात्याबरोबर जातं. शेवटच्या सहामाहीत सबमिशनच्या धांदलीत हे कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून प्रवेशाच्या दिवशीच विचारून ठेवावं.

हक्काचंही विचारावं. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कलाकृतीचा पहिला मालक ती करणारा. नोकरीत केलेली असेल तर, वेगळा करार नसल्यास, मालक नोकरी देणारा. विद्यार्थी नोकर नसतो. तरीही काही प्रवेशअर्जांत सगळं काम संस्थेचं, अशी ओळ घुसवलेली असते. सुरतेत राहणाऱ्यांनी आणखी एक कलम ऐकून ठेवावं. डिझाइन कायद्याखाली नोंदवता येण्यासारखं डिझाइन न नोंदवताच, मालकाने किंवा त्याच्या परवानगीने, कारखान्यात पन्नासपेक्षा जास्त वेळा छापलं गेलं, तर त्यावरचा कॉपीराइट संपतो. साडीच्या धंद्यात पन्नास नग म्हणजे सकाळचा पहिला चहा व्हायच्या आतलं काम. पोरगं सुट्टीत एखाद्या मार्केटवाल्याला डिझाइन करून देणार असेल, तर आधी नोंदणीचं बघा.

लॅपटॉपचा प्रश्न शेवटी येतोच. दुकानदार सांगेल तो लाखभराचा लॅपटॉप प्रवेशाच्या आनंदात घेऊ नका. पहिली सहामाही लॅबवर भागवा, पोराचा कल ध्वनीकडे, चित्राकडे की प्रोग्रॅमिंगकडे आहे ते दिसू द्या. दोन बाहेरच्या हार्ड डिस्क मात्र पहिल्या आठवड्यातच घ्या. एक त्याच्याजवळ, एक घरी. दर महिन्याला काम दोन्हींवर उतरवायचं: मूळ फाइल, तिच्याबरोबर कुठेही उघडेल अशी साधी प्रत, आणि मजकूर युनिकोडमध्ये.