तक्रारीचा नंबर

टपाल कचेरीत आपले पैसे अडकले. खेटे घालून वहाणा झिजल्या. "उद्या या," एवढेच उत्तर. काय करावे?

आता तक्रार मोबाईलवरूनही करता येते. केंद्र सरकारने त्यासाठी २००७ साली 'सीपीग्राम्स' ही सोय सुरू केली. तिला फी नाही.

जमत नसेल तर शिकत्या मुलाला जवळ बसवा. पण मजकूर आपणच सांगा. काय झाले, केव्हा झाले, किती रुपये अडले, तेवढेच लिहा. पासबुकाचा फोटो जोडा.

तक्रार गेली की नंबर मिळतो. तो वहीत लिहून ठेवा. तक्रार २१ दिवसांत निकाली काढावी, असे सरकारने २०२४ साली ठरवले. उत्तर पटले नाही, तर अपील करा.

तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. नंबराची तक्रार दप्तरी राहते. म्हणून नंबर जपा बरे!