गोळी थांबू नये, बोलणे थांबू नये



साथ ही काही नवी गोष्ट नाही. पटकी, प्लेग, देवी ही नावे तुम्ही वाडवडिलांच्या तोंडून ऐकली असतील. १९१८ साली इन्फ्लुएंझाची साथ आली. जुनी माणसे तिला मानमोडी म्हणत. आपल्या वऱ्हाडातही तिने पुष्कळ माणसे नेली. त्यानंतर शंभर वर्षांनी करोना आला. तो तर आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिला.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली. रेल्वे थांबली, एस. टी. थांबली, आठवडी बाजार बंद झाला. २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत साथ पुन्हा भडकली. अमरावती आणि अचलपूर ही शहरे पुन्हा बंद करावी लागली. त्या दिवसांत सगळ्यांचे ध्यान ताप आणि खोकल्याकडे होते. पण कित्येक घरांत आणखी एक दुखणे कोपऱ्यात बसून होते. ते म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या मनाचे दुखणे. आज आपण त्याविषयी वाचू.

मनाचाही आजार असतो

शरीराला ताप येतो, तसा मनालाही आजार होतो. म्हाताऱ्या माणसांत तीन प्रकार ओळखून ठेवावेत.

पहिला, उदासीचा आजार. माणूस बोलत नाही. जेवण गोड लागत नाही. पहाटे फार लवकर जाग येते. "माझा घराले भार झाला," असे ते म्हणते. दोन आठवडे रोज असेच चालले, तर तो आजार समजावा.

दुसरा, संशयाचा आणि भासाचा आजार. जवळ कोणी नसताना आवाज ऐकू येतात. शेजारी आपल्या वाईटावर आहेत असे वाटते. हा आजार बहुधा तरुणपणी लागतो आणि म्हातारपणापर्यंत सोबत राहतो. पण औषध नीट चालू असले, म्हणजे पुष्कळ माणसे घरचे आणि शेतातले काम चांगले करतात.

तिसरा, विसराचा आजार. याला स्मृतिभ्रंश म्हणतात. तो हळूहळू, वर्षावर्षाने वाढतो. आत्ताच जेवलेले माणूस पुन्हा जेवायला मागते. घरची वाट चुकते. अशा माणसाला "साथ आहे, बाहेर जाऊ नको" हे सांगितलेलेही लक्षात राहत नाही. ते मुद्दाम करत नाही. म्हणून त्याच्यावर रागावून उपयोग नाही.

यांपैकी कशातही भूतबाधा नाही, करणी नाही. मधुमेह जसा आजार, तसेच हे आजार.

एका आजीची गोष्ट

आमच्या माहितीतली एक आजी आहे. तिचे आणि गावाचे नाव आम्ही सांगत नाही. तिला फार वर्षांपासून भासाचा आजार. दर महिन्याला मुलगा शहरातून गोळ्या आणायचा. आजी दोन वेळा जेवायची, नातवंडे सांभाळायची, वाती वळायची. नवख्या माणसाला तिचा आजार कळतही नसे.

टाळेबंदी झाली. एस. टी. बंद. गोळ्या सरल्या. मुलगा म्हणाला, "माय आता चांगली हाय. महिनाभर गोळी नाई घेतली तं काय होते?"

पहिले काही दिवस काहीच झाले नाही. मग आजीची झोप गेली. ती रात्रभर दारात बसू लागली. "पाण्यात कोणी तरी औषध टाकलं," म्हणून पाणी पिईना. पुढे जेवणही सोडले. लोक म्हणाले, "बाहेरचं हाय. भगताले बोलवा."

तेवढ्यात आशाताई तापाची चौकशी करत घरोघर आल्या. त्यांनी विचारले, "आजीच्या गोळ्या चालू हायेत काय?" तेव्हा सगळा उलगडा झाला. त्यांनी जुनी चिठ्ठी पाहिली आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन केला. गोळ्या मिळाल्या. आजी काही एका दिवसात बरी झाली नाही. आधी झोप आली, मग जेवण आले. पुरते सावरायला दोन महिने लागले.

मंडळी, हा आजार गोळीने दाबात राहतो. म्हणूनच माणूस चांगले दिसते. चांगले दिसते म्हणून गोळी सोडली, तर आजार पुन्हा डोके वर काढतो.

साथीत म्हाताऱ्यांनाच जास्त त्रास का?

म्हाताऱ्या माणसाचा आधार लहान लहान गोष्टींत असतो. सकाळी पारावर बसणे, देवळात जाणे, भजन, बाजारात चार ओळखीचे भेटणे. साथीत हे सगळे एकदम थांबले. साठ-पासष्टीच्या पुढच्यांना घराबाहेर पडू नका असे सांगितले गेले. ज्यांची मुले पुण्या-मुंबईला, ती तिकडेच अडकली. ज्यांना कमी ऐकू येते, ते समोरच्याचे ओठ पाहून समजून घेतात. तोंडाला मुखपट्टी बांधल्यावर तेही बंद झाले. गावात मयत झाली, तरी मातीला जाता येईना. दुःख मोकळे करायला जागाच उरली नाही.

दूर राहणे म्हणजे अंगाने दूर राहणे. बोलणे तोडणे नव्हे. ओसरीवरून, खिडकीतून, फोनवरून रोज दोन वेळा विचारावे, "माय, जेवली काय? झोप आली काय?" याला पैसा लागत नाही.

घरच्यांनी काय करावे?

साथीची कुणकुण लागताच डॉक्टरांना विचारून महिना-दीड महिन्याच्या गोळ्या घरात आणून ठेवाव्यात. चिठ्ठी जपून ठेवावी. आपल्या मनाने गोळी बंद करू नये, कमी-जास्त करू नये. रक्तदाब, साखर यांच्या गोळ्या चालू असतील तर त्याही डॉक्टरांना दाखवाव्यात.

एक खूण फार महत्त्वाची आहे. कालपर्यंत नीट बोलणारे म्हातारे माणूस आज एकाएकी बरळू लागले, दिवस-रात्र कळेना, किंवा सारखे झोपूनच राहू लागले, तर "म्हातारचळ लागला" म्हणू नका. अंगात ताप असेल, पाणी कमी पडले असेल, छातीत रोग असेल. करोनात कित्येक म्हाताऱ्यांना ताप-खोकला दिसायच्या आधी असे बरळणेच दिसले. त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.

"जगून काय करू" असे कोणी म्हणाले, तर हसण्यावारी नेऊ नये. "तुझ्या मनात मरायचे येते काय?" असे सरळ, मायेने विचारावे. विचारल्याने तो विचार मनात भरत नाही, उलट मन हलके होते. त्या माणसाला एकटे ठेवू नये. कपाशीवर फवारायचे औषध घरात असेल, तर ते कुलपात ठेवावे आणि किल्ली दुसऱ्याजवळ द्यावी. मग उशीर न करता डॉक्टरांकडे न्यावे.

मदत कोठे मिळते?

पूर्वी मनाच्या आजारासाठी वऱ्हाडातले लोक नागपूरच्या मनोरुग्णालयात जात. ते १८६४ सालापासून आहे. पण आता एवढे दूर जायची गरज दर वेळी पडत नाही. अमरावतीच्या इर्विन दवाखान्यात आणि अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात मनाच्या आजारावर उपचार होतात. गावच्या आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात विचारावे. १४४१६ या फोनवर रात्री-दिवसा, फुकट, मराठीत सल्ला मिळतो. हा फोन १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाला आहे.

मनाच्या रुग्णाला साखळीने बांधणे हा गुन्हा आहे. २०१७ च्या कायद्याने त्याला मनाई आहे. सरकारी दवाखान्यात उपचार मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे.

गावाने मनावर घेतले म्हणजे काय होते, हे अमरावती जिल्ह्यानेच दाखवले आहे. करोनाच्या काही वर्षे आधी ३० गावांत 'विश्राम' नावाचे काम झाले. गावच्याच माणसांना शिकवून त्यांनी घरोघर उदासीच्या आजाराची माहिती दिली. आधी असा आजार असलेल्या १०० माणसांपैकी सुमारे ४ जण मदत घेत होते. दीड वर्षाने सुमारे २७ जण घेऊ लागले. लाज गेली, म्हणून पाय दवाखान्याकडे वळले.

पुढे कधी साथ येईल, ते कोणाला ठाऊक? पण आली, तर घरात दाणे भरतो तशा म्हाताऱ्यांच्या गोळ्याही भरून ठेवा. आणि दोन वेळा हाक मारायला विसरू नका.

विचार करा आणि सांगा

१. आजीचा आजार पुन्हा का उलटला?
२. विसराचा आजार आणि एकाएकी बरळणे यांत फरक काय?
३. तुमच्या आळीत एकटे राहणारे म्हातारे माणूस कोण आहे? त्याची रोज चौकशी कोण करील?