संगणकाचे नाव आणि पत्ता

२९ ऑक्टोबर १९६९ ची रात्र. अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे चार्ली क्लाइन हा विद्यार्थी सुमारे साडेपाचशे किलोमीटर दूर असलेल्या संगणकाला ‘लॉगिन’ हा शब्द पाठवीत होता. ‘एल’ पोहोचले, ‘ओ’ पोहोचले आणि पलीकडचा संगणक बंद पडला! तासाभराने मात्र प्रयोग यशस्वी झाला. ‘अर्पानेट’ या जाळ्यावरून दूरचा संगणक वापरण्याचा हा पहिला प्रयत्न.

विद्यार्थी मित्रांनो, जाळ्यात लाखो संगणक असताना नेमका हवा तोच कसा सापडतो? त्यासाठी प्रत्येकाला आयपी पत्ता असतो. उदाहरणार्थ, १९२.१६८.१.५. यातील प्रत्येक संख्या ८ बिटांची, म्हणजे ० ते २५५ पैकी एक असते. चार संख्यांचे ३२ बिट झाले. म्हणून एकूण पत्ते २³², म्हणजे सुमारे ४२९ कोटी. जगाला ते अपुरे पडू लागले, म्हणून १२८ बिटांचे पत्तेही वापरात आले. शिवाय १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घराघरांत पुन्हा पुन्हा वापरता येतात. ‘खोली क्रमांक ५’ प्रत्येक इमारतीत असू शकते, तसेच हे. म्हणूनच केवळ त्या पत्त्यावर बाहेरून पोहोचता येत नाही.

संख्या लक्षात ठेवणे कठीण. म्हणून नावे आली. पूर्वी सर्व नावांची एकच यादी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवली जाई. संगणक वाढले तशी ती सांभाळणे अवघड झाले. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी हे काम अनेक संगणकांत वाटून देणारी ‘डीएनएस’ पद्धत मांडली. नाव दिले की ती पत्ता शोधून देते.

आता प्रयोगशाळेतील एक अनुभव पाहू. नाव टंकले तर जोडणी होत नाही, पण पत्ता टंकला तर होते. दोष कोठे? तार ठीक आहे, पलीकडचा संगणकही चालू आहे. म्हणजे दोष नावावरून पत्ता शोधण्यात आहे. दोन्ही प्रकारे जोडणी झाली नाही, तर तार, वीज आणि प्रवेशाची परवानगी तपासावी.

पत्ता कळला म्हणजे दार उघडले असे नव्हे, पासवर्ड लागतोच. जुन्या ‘टेलनेट’ पद्धतीत तो उघडाच जाई व वाटेत चोरता येई. १९९५ मध्ये फिनलंडच्या टाटू युलोनेन यांनी तो सांकेतिक रूपात पाठवणारी ‘एसएसएच’ पद्धत तयार केली.

जाता जाता एक प्रश्न : १९२.१६८.१.३०० हा पत्ता का असू शकत नाही?