तारण

पापाविषयीं बोलणें निघालें कीं ऐकणाराच्या डोळ्यांपुढें चोर, खुनी व दारुडे उभे राहतात, आणि स्वतःस तो त्यांतून अलगद वगळतो. म्हणून आम्ही अगदीं लहान उदाहरण घेतों. एका मुलानें ग्रंथालयाच्या पुस्तकांतील चित्राचें पान फाडून घेतलें. कोणीं पाहिलें नाहीं, दंडही झाला नाहीं. पण दुसऱ्या दिवसापासून तो ग्रंथालयांत जाईना, ग्रंथपालांकडे मान वर करून पाहीना. ज्या मित्राबरोबर वाचावयास बसे, त्याचाही त्यास राग येऊं लागला. पापाचें पहिलें फळ तें हेंच, कीं मनुष्य एका तीरावर एकटा पडतो. आदाम व हव्वा झाडांआड लपलीं, तीं देवानें त्यांस बागेबाहेर घालविण्यापूर्वींच.

फादर स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण गोव्यांत १६१६ सालीं छापिलें गेलें. त्यांत तारक जन्मास येण्यापूर्वीं पहिल्या पुराणाचे ३६ अवस्वर संपतात. उतावळ्या वाचकास हा विलंब वाटेल. आम्हांस तो योग्य वाटतो. आपण अलीकडच्या तीरावर आहों हें ज्यास कळलें नाहीं, तो नावेची वाट कां पाहील?

आमच्या भाषेंत ‘तारण’ शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक पार नेणें. दुसरा सावकाराकडे गहाण ठेविलेली वस्तु. दागिना सोडवावयास मालक येतो. परंतु येथें गहाण पडला आहे तो मनुष्यच. तो स्वतःस काय देऊन सोडविणार?

पहिल्या अर्थासाठीं दूर जावयास नको. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड हीं सारीं साष्टी बेटावर वसलीं आहेत. एके काळीं वांद्र्याहून माहीमास जावयाचें तर खाडी नावेनें ओलांडावी लागे. भरतीच्या व पावसाळ्याच्या दिवसांत नावा उलटत, माणसें बुडत. कंपनी सरकार पुलाचा खर्च करीना. तेव्हां सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनीं सुमारें दीड लाख रुपये दिले, आणि १८४५ सालीं माहीमचा बांध खुला झाला. त्यांची अट एवढीच होती, कीं जाणाऱ्यायेणाऱ्याकडून कर घेऊं नये. आवाबाई पारशी होत्या. त्यांच्या दानास आम्ही आपल्या धर्माचा अर्थ चिकटवूं इच्छीत नाहीं. शिवाय दाखला अपुराही आहे: त्यांनीं द्रव्य दिलें, ख्रिस्तानें प्राण दिला. तथापि एक गोष्ट त्या बांधावर स्पष्ट दिसते. ज्यास नावेचें भाडें परवडत नसे, तोही त्यावरून पार गेला. मात्र चालावें त्यालाच लागलें.

हें चालणें केव्हां सुरू होतें, याविषयीं आमच्यापैकीं पुष्कळांची समजूत उलटी असते. ‘आधीं मी सुधारेन, मग देवाकडे तोंड वळवीन,’ असें आपण म्हणतों, आणि वर्षें जातात. लूकच्या शुभवर्तमानांतील जक्कय पाहा. तो यरीहोचा मुख्य जकातदार, लोकांस लुबाडून धनवान झालेला. येशूस पाहावयास तो उंबरावर चढला होता. येशूनें त्यास हाक मारली व ‘आज तुझ्या घरीं उतरणार’ म्हटलें, तेव्हां जक्कयानें एक पैही परत केलेली नव्हती. लोक कुरकुरले तें याचसाठीं. अर्धी मालमत्ता गरिबांस व लुबाडलेल्यांस चौपट, हें तो पुढें बोलला. तें कोणीं मागितलें म्हणून नव्हे.

त्या मुलाचें काय झालें, असें पालक विचारतील. ग्रंथपालांस सर्व ठाऊक होतें. एके सायंकाळीं त्यांनीं त्यास व्हरांड्यांतून हाक मारली आणि कपाटांतील पुस्तकें लावावयास मदत मागितली. पानाचा शब्दही काढला नाहीं. दोन दिवस तो मुकाट्यानें पुस्तकें लावीत राहिला. तिसऱ्या दिवशीं वहींतून तें पान काढून त्यानें मेजावर ठेविलें, व दोघांनीं मिळून तें खळीनें चिकटविलें. जोड अजून दिसतो.