पॉइंट्स मुलाचे, धास्ती पालकांची

बारावीनंतर मूल पुण्याला, नाशिकला किंवा छत्रपती संभाजीनगरला शिकायला गेलं की पालकांच्या काळज्या ठरलेल्या असतात: होस्टेल, मेस, क्लास, संगत. अलीकडे त्यात एकीची भर पडली आहे. ‘क्रेडिट कार्ड काढू का म्हणतोय. मित्रांनी पॉइंट्सवर हेडफोन घेतले म्हणे.’ समुपदेशनाच्या टेबलावर हे सांगताना आईचा आवाज इतका खाली जातो, की मुलाने सिगारेटच मागितली असावी. मुलगा शेजारी बसून मोबाइलवर तिसऱ्याच कार्डाची जाहिरात बघत असतो.

माझं उत्तर बहुतेक वेळा ‘काढू द्या’ असंच असतं. पण त्याआधी दोघांच्याही हातात कागद-पेन देते. आकडेमोड झाली की मुलाचा मोह बराच ओसरतो आणि आईची भीतीही.

अठरा पूर्ण झाल्याशिवाय स्वतःच्या नावावर कार्ड मिळत नाही, आणि उत्पन्न नसलेल्या विद्यार्थ्याला बँका साधं कार्ड सहसा देत नाहीत. त्याच्यासाठी वाट असते एफडीवरच्या कार्डाची. मुलाच्या नावावर समजा वीस हजारांची एफडी केली, तर बँक तिच्यावर लियन लावते आणि रकमेच्या साधारण ७५ ते १०० टक्के लिमिट देते. एफडीचं व्याज सुरूच राहतं. कार्ड बंद होईपर्यंत ती मोडता येत नाही, एवढंच. नवख्या हाताला मला हाच प्रकार बरा वाटतो. लिमिटच पंधरा-सोळा हजारांचं असेल, तर उधळून उधळून किती उधळणार?

आता पॉइंट्सकडे वळू. कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाचा महिन्याचा खर्च बारा हजार धरा. त्यातले आठ-नऊ हजार घरमालकाला आणि मेसवाल्या काकूंना जातात, तिथे कार्ड चालत नाही. रिक्षा, झेरॉक्स, टपरीवरचा चहा यांचंही तेच. उरतात फार तर तीन हजार: रिचार्ज, ऑनलाइन मागवलेलं खाणं, पुस्तकं, एखादा शर्ट. यावर १ टक्का परतावा मिळाला तर महिन्याला ३० रुपये, वर्षाला ३६०. कार्डाची वार्षिक फी ४९९ असेल तर जीएसटी धरून ५८९ रुपये भरावे लागतात. म्हणजे वर्षभर पॉइंट्स गोळा करून हा मुलगा बँकेला २२९ रुपये वरून देतो. विद्यार्थ्याने वार्षिक फीचं कार्ड घेऊच नये, लाइफटाइम फ्री घ्यावं, याचं कारण एवढंच आहे.

तो १ टक्काही सगळीकडे मिळत नाही. जाहिरातीत ‘१०,००० बोनस पॉइंट्स’ असं ठळक छापलेलं असतं. एका पॉइंटची किंमत किती, ते बारीक अक्षरांत असतं. बऱ्याच कार्डांवर ती २०-२५ पैसे असते, म्हणजे ते दहा हजार पॉइंट्स दोन-अडीच हजार रुपयांचे. एखादं कार्ड ‘दर १५० रुपयांना २ पॉइंट’ देतं. पॉइंट २५ पैशांचा असेल तर १५० रुपयांमागे आठ आणे, म्हणजे परतावा टक्क्याचा जेमतेम एक तृतीयांश. वर १४९ रुपयांच्या रिचार्जला शून्य पॉइंट, कारण १५० भरले नाहीत. काही बँका पॉइंट वटवतानाही ९९ रुपये आणि जीएसटी कापतात. जमलेले पॉइंट सारखे सारखे न वटवता एकदम वटवावेत, पण त्यांची मुदत उलटू देऊ नये. अनेक कार्डांवर ती दोन-तीन वर्षांची असते. ही भानगड नको असेल तर बिलातच रक्कम वजा करून देणारं साधं कॅशबॅक कार्ड विद्यार्थ्याला सोयीचं.

विद्यार्थ्याला खरा पैसा सुटतो तो वर्षातल्या दोन-तीन मोठ्या खरेद्यांवर, आणि तोही पॉइंट्समधून फारसा नाही. सणासुदीच्या सेलमध्ये ठरावीक बँकेच्या कार्डावर १० टक्के तत्काळ सवलत असते. तिला कमाल मर्यादा असते, ती आधी वाचायची. समजा मर्यादा १,५०० आहे आणि लॅपटॉप ४५,००० चा. सवलतीचे १,५०० रोख सुटतात; त्याच खरेदीवर पॉइंट्सचे १ टक्क्याने ४५० होतात. लॅपटॉप जूनमध्ये अडला नसेल तर सेलपर्यंत थांबण्याइतका फायदा कुठलंही रिवॉर्ड कार्ड देत नाही. मुलाच्या लिमिटमध्ये तो बसणार नाही, तेव्हा ही खरेदी आई-बाबांच्या कार्डावर करावी. ‘नो कॉस्ट ईएमआय’चं बटण दाबण्याआधी मात्र थांबा. त्यात प्रोसेसिंग फी असते, व्याजाच्या भागावर जीएसटी लागतो, आणि बऱ्याच कार्डांवर ईएमआयच्या खरेदीला पॉइंट्स मिळतच नाहीत.

पॉइंट्स कुठे मिळतात आणि कुठे नाही, हे ठरतं दुकानाच्या चार आकडी कोडवरून. प्रत्येक व्यापाऱ्याला त्याच्या धंद्यानुसार असा कोड दिलेला असतो. महाविद्यालयांचा ८२२०, सरकारी सेवांचा ९३९९. पेट्रोल, भाडं, वॉलेटमध्ये पैसे भरणं, सरकारी भरणा हे बहुतेक कार्डांवर पॉइंट्सच्या यादीतून वगळलेले असतात. स्पर्धा परीक्षांचे अर्ज एकामागून एक भरणाऱ्या मुलांना वाटतं, फीचे पॉइंट्स साठतील. पुष्कळदा तिथे काहीच मिळत नाही. कार्ड घेताना ‘कशावर मिळतात’ हे सगळेच वाचतात. तुम्ही ‘कशावर मिळत नाहीत’ हा परिच्छेद वाचा आणि आपल्या मागच्या तीन महिन्यांच्या खर्चाशेजारी ठेवा.

कॉलेजच्या फीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण रक्कम मोठी असते आणि मोहही. २०२४ पासून काही मोठ्या बँकांनी तिसऱ्याच कंपनीच्या अ‍ॅपमधून कार्डाने शैक्षणिक फी भरली तर १ टक्का शुल्क लावायला सुरुवात केली. कॉलेजच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा काउंटरवरच्या मशिनवर भरली तर हे शुल्क लागत नाही. पण तिथे पेमेंट गेटवेचा आकार असू शकतो. ८०,००० फीवर तो १.२ टक्के असेल तर जीएसटीसह सुमारे १,१३३ रुपये जातात आणि १ टक्का परतावा धरला तरी मिळतात ८००. अशा वेळी निमूटपणे नेट बँकिंग वापरावं.

रेल्वेचंही असंच. आयआरसीटीसीच्या नावाने निघणाऱ्या कार्डांची जाहिरात घरी जाणाऱ्या मुलांना भुलवते, पण त्यांचा मोठा परतावा एसी डब्यांच्या तिकिटांवर असतो. स्लीपरने नांदेड गाठणाऱ्याला किंवा लातूरची एसटी पकडणाऱ्याला त्याचा काय उपयोग? विमानतळावरच्या लाउंजचं तर नावच नको.

छोट्या खर्चाला एक वाट आहे, रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडण्याची. सप्टेंबर २०२२ पासून ही सोय सुरू झाली. किराणावाला, मेडिकल, स्टेशनरीचं दुकान, जिथे व्यापाऱ्याचा क्यूआर आहे तिथे कार्डातून पैसे जातात. काकूंनी मेसच्या भिंतीवर स्वतःच्या बचत खात्याचा क्यूआर चिकटवला असेल तर जात नाहीत, मित्राच्या नंबरवरही नाही. यूपीआयवरचा परतावा काही कार्डांवर कमी असतो, तेवढं पाहून घ्या. माझा आक्षेप वेगळ्याच गोष्टीला आहे. वडापावसुद्धा उधारीवर जायला लागला की महिन्याचा अंदाज सुटतो. या सोयीला मुलाने स्वतःच महिन्याची मर्यादा घालून घ्यावी.

होस्टेलमधली आणखी एक युक्ती सर्वश्रुत आहे. दहा जणांचं जेवण एकाने कार्डावर मागवायचं आणि बाकीच्यांकडून यूपीआयने पैसे घ्यायचे. पॉइंट्स त्या एकाचे. यात गैर काही नाही आणि हिशोबाने केलं तर फायदाही आहे. गोची अशी, की मित्रांचे आलेले तीन हजार खात्यात ‘आपले’ वाटू लागतात आणि बिलाच्या तारखेआधी खर्च होतात. आलेले पैसे त्याच रात्री कार्डात भरून टाकले की प्रश्नच मिटला. बिल यायची वाट पाहावी लागत नाही.

बिल पूर्ण भरलं नाही तर काय होतं, हे मुलांना तोंडी सांगून पटत नाही, म्हणून आकडे. २०,००० रुपये बिल आलं. ‘मिनिमम ड्यू’ सहसा ५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे १,०००. मुलाने तेवढेच भरले. उरलेल्या १९,००० वर महिना साडेतीन टक्क्यांनी ६६५ रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण सुमारे ७८५. ज्या खरेदीने २०० रुपयांचे पॉइंट्स दिले, तिने एका महिन्यात जवळपास चौपट परत नेले. शिवाय बाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. कार्डाने एटीएममधून रोख काढली तर व्याज पहिल्या दिवसापासून, शुल्क वेगळं. या व्याजाला वर्षाला ३० टक्क्यांची मर्यादा घालणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला, तेव्हा त्या बाजूने दिलासा मिळेल अशी आशा नको. पूर्ण बिलाचं ऑटोपे पहिल्याच दिवशी लावावं. अ‍ॅपमध्ये ‘मिनिमम’ आणि ‘टोटल’ असे दोन पर्याय येतात, त्यातला ‘टोटल’.

हे सगळं करिअरच्या पानावर कशाला, असं वाटेल. बँकांच्या परीक्षा देणाऱ्या मुलांनी इथे कान टवकारावेत. आयबीपीएसच्या अलीकडच्या भरती जाहिरातींत रुजू होताना उमेदवाराचा क्रेडिट इतिहास चांगला असावा अशी अट असते. स्टेट बँकेच्या जाहिरातींत कर्ज किंवा क्रेडिट कार्डाची थकबाकी नोंदलेला उमेदवार अपात्र धरला जातो. जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने असंच एक प्रकरण निकाली काढलं. स्टेट बँकेत निवड झालेल्या उमेदवाराची नेमणूक सिबिलमधल्या प्रतिकूल नोंदींवरून रद्द झाली होती. कर्जं फेडली आहेत, असं त्याचं म्हणणं होतं. न्यायालयाने बँकेचा निर्णय कायम ठेवला. दोन वर्षं अभ्यासिकेत बसून मिळवलेली नोकरी सेकंड इयरमधल्या थकलेल्या बिलाने अडू शकते, आणि त्या बिलाची रक्कम पाहिली तर रडू यावं इतकी लहान असते.

उलट बाजूही तितकीच खरी. वेळेवर भरलेलं प्रत्येक बिल नोंदलं जातं, आणि पदवीच्या वेळी तीन वर्षांचा स्वच्छ इतिहास असलेल्या मुलाला पुढे कर्जाच्या दारात अनोळखी म्हणून उभं राहावं लागत नाही. सिबिलचा स्कोअर ३०० ते ९०० मध्ये मोजतात. लिमिटच्या तीसेक टक्क्यांपर्यंतच वापर ठेवा असं सांगितलं जातं. सोळा हजारांच्या लिमिटवर ते पाच हजारच होतात. एखाद्या महिन्यात जास्त खर्च झाला तर स्टेटमेंट निघायच्या आधीच थोडे पैसे भरून टाकावेत. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. मुलाने आणि पालकांनी मिळून तो एकदा वाचावा.

पालक विचारतात, त्यापेक्षा आमच्याच कार्डावर अ‍ॅड-ऑन घेतलं तर? खर्चाचा मेसेज तुम्हाला येईल, पॉइंट्स एका जागी साठतील, हे फायदे आहेत. पण बिलाची जबाबदारी सर्वस्वी मूळ कार्डधारकाची, आणि मुलाच्या नावावर स्वतंत्र इतिहास तयार होत नाही. पहिल्या वर्षी अ‍ॅड-ऑन आणि दुसऱ्या वर्षी एफडीचं स्वतःचं कार्ड, हा क्रम मला पटतो.

एमएससाठी अमेरिकेला निघालेल्यांनी इथले पॉइंट्स विसरलेले बरे. परदेशात भारतीय कार्ड घासलं की सहसा साडेतीन टक्के मार्कअप आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के जातात. १ टक्का परताव्याचं तिथे काय चालणार? तिकडचा फायको स्कोअर ३०० ते ८५० चा, आणि इथला सिबिल तिथल्या बँका सहसा विचारात घेत नाहीत. सोशल सिक्युरिटी नंबर एफ-१ विद्यार्थ्याला सहसा कॅम्पसवरची नोकरी मिळाल्यावरच निघतो, पण काही कंपन्या त्याशिवायही स्टुडंट कार्ड देतात. तिथल्या काही स्टुडंट कार्डांवर दर तिमाहीला बदलणाऱ्या गटांवर ५ टक्के कॅशबॅक असतो, मात्र तो दर वेळी अ‍ॅपमध्ये जाऊन चालू करावा लागतो, नाही तर १ टक्काच. एकविसाच्या आतल्या मुलांना तिथे २००९ च्या कायद्यामुळे स्वतःचं उत्पन्न किंवा सहस्वाक्षरी दाखवावी लागते.

दोन गोष्टी राहिल्या. ‘तुमचे पॉइंट्स आज रात्री संपत आहेत’ असा मेसेज आणि सोबत लिंक किंवा एपीके फाइल आली तर ती फसवणूक समजा. पॉइंट्स बँकेच्याच अ‍ॅपमध्ये पाहा. फसलाच असाल तर लगेच बँकेला कळवून कार्ड ब्लॉक करा आणि १९३० वर फोन करा. ओरडा बसेल म्हणून मुलं घरी सांगत नाहीत आणि नेमके पहिले काही तास वाया जातात. दुसरी गोष्ट कार्ड बंद करण्याची. आधी पॉइंट्स वटवा, मग बाकी शून्य करून लेखी विनंती द्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं असतं, नाही केलं तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे. एफडीवरचं लियन निघालं की नाही, ते पासबुकात पाहूनच शाखेतून बाहेर पडा.