दूरध्वनीचे संभाषण आणि कायद्याचे शब्द

वणीच्या आसपासच्या कोळसा खाणींतील कामगार दूरगावच्या आप्तांशी दूरध्वनीवर बोलतो, तेव्हा ते संभाषण ऐकण्याची आज्ञा देण्याचा अधिकार वणीच्या ठाणेदारास नाही. यवतमाळच्या जिल्हाधिकाऱ्यांसही नाही. राज्यात अशी आज्ञा सामान्यतः गृह विभागाच्या सचिवांनीच द्यावयाची असते. हे संरक्षण एकाएकी लाभलेले नाही. किरकोळ भासणाऱ्या तांत्रिक दुरुस्त्यांतून ते घडत गेले आहे.

१८८५ च्या भारतीय तार अधिनियमाच्या कलम ५ अन्वये सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता या कारणास्तव संदेश अडविता येत. अशी आणीबाणी खरोखर आहे काय, ही शंका निघाल्यास शासनाचे प्रमाणपत्र हाच निर्णायक पुरावा मानला जाई. म्हणजे शंकेखोराचे तोंड तेथेच बंद! १९७२ च्या दुरुस्तीने ही तरतूद वगळली. देशाचे सार्वभौमत्व, सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था आणि गुन्ह्याच्या चिथावणीस प्रतिबंध ही कारणे त्यात नमूद झाली व ती लेखी नोंदविण्याचे बंधन आले.

तथापि, या अधिकाराच्या वापरावर देखरेख कोणी ठेवावी, हे अनिश्चितच राहिले. १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज'च्या याचिकेवर निर्णय देताना ही उणीव दूर केली. आज्ञा गृहसचिवांची असावी, तिला मुदत असावी, पुनर्विलोकन समितीने ती तपासावी, असे न्यायालयाने ठरविले. पुढे तार नियमावलीतील नियम ४१९-अ मध्ये २००७ साली ही कार्यपद्धती सविस्तर ग्रथित झाली. आज्ञेची मुदत ६० दिवस, वाढविली तरी एकूण १८० दिवस.

हे शब्द कागदावरच राहिले नाहीत. २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने लाचेच्या एका प्रकरणात व्यापाऱ्याचे दूरध्वनी ऐकण्याच्या आज्ञा रद्द केल्या. सार्वजनिक आणीबाणी नव्हती, सार्वजनिक सुरक्षिततेचाही प्रश्न नव्हता. सबब ध्वनिमुद्रणे नष्ट करावीत, असा आदेश झाला. संघटित गुन्हेगारीसाठी मात्र महाराष्ट्राचा १९९९ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यातील संभाषण ऐकण्याविषयीची कलमे उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली ती वैध मानली.

तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तरी कायद्यातील 'तार' हा शब्द आणखी दशकभर टिकला! दूरसंचार अधिनियम, २०२३ ने तो काढला. 'संदेश' या संज्ञेत आता मजकूर, प्रतिमा, ध्वनी, चित्रफीत हे सर्व येते. आणीबाणी व सुरक्षितता हे जुने दोन निकष मात्र कलम २० मध्ये कायम आहेत. डिसेंबर २०२४ च्या नियमांनुसार दुर्गम भागात पूर्वमंजुरी मिळविणे शक्य नसल्यास राज्यात प्राधिकृत यंत्रणेतील, महानिरीक्षकाहून कमी दर्जा नसलेला वरिष्ठ अधिकारी आज्ञा देऊ शकतो. सात कामकाजाच्या दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याने ती कायम केली नाही, तर ऐकणे तत्काळ थांबवावे लागते आणि मिळालेले संदेश पुरावा म्हणूनही वापरता येत नाहीत.