घरोटाचा खुंटा

जळगाव,
आषाढ अमावास्या

चि. सुषमा,

तुझं पत्र मिळालं. कानबाईच्या रोटाचे गहू निवडताना ताईचं, तुझ्या आईचं, बेसूर गाणं आठवलं, एकटीच खदखदून हसलीस आणि मग दिवसभर अपराध्यासारखं वाटलं, असं लिहिलंस. आईला जाऊन सव्वा वर्ष होतंय, हसू आलंच कसं म्हणतेस. अगं पोरी, ताईचा सूर आयुष्यात कधी लागला का? कानबाई देवीच्या जागरणाच्या रात्री ती गाऊ लागली की बाया पदराआड हसायच्या, आणि सगळ्यांत मोठ्यानं तीच हसायची. ती आठवली की हसू येणारच. तसलीच बाई होती ती.

‘मन थाऱ्यावर आलं की गाईन’ हे मात्र मला पटलं नाही. आसोद्याची कवयित्री बहिणाबाई बघ. 1880 चा जन्म, तेराव्या वर्षी जळगावच्या चौधऱ्यांकडे सून म्हणून आली आणि तिशीच्या आसपास कुंकू गेलं. पदरात दोन मुलगे, एक मुलगी. अक्षरओळख नाही. दुःख सरेपर्यंत बसून राहायला तिला सवड कुठली? पहाटे घरोटाचा, म्हणजे जात्याचा, खुंटा धरला की दळता दळता ओवी यायची, शेतात निंदताना यायची. दुसऱ्यांनी लिहून ठेवल्या तेवढ्या उरल्या, बाकीच्या पिठाबरोबर गेल्या. देवाशी ती घरातल्या माणसासारखी बोलते. आणि फिरकी किती घ्यावी! जळगावातला छापखाना पाहिला तर त्यावरही गाणं, तेही माणसाला चिमटा काढून. 1951 मध्ये ती गेली, तिच्या गाण्यांचं पुस्तक आलं 1952 मध्ये. 2018 मध्ये आपल्या इथल्या विद्यापीठाला तिचं नाव दिलं. जिला सही येत नव्हती तिचं नाव आता पदवीच्या कागदावर! हे ऐकून ती पोट धरून हसली असती, असं मला आपलं वाटतं.

एक मात्र ऐक. रात्र रात्र झोप नाही, अन्न जात नाही, असं म्हणतेस त्यासाठी डॉक्टरांकडे जा. ओवी म्हणजे गोळी नव्हे. त्यात लाज कसली?

नागपंचमीनंतरच्या रविवारी तुमच्याकडे कानबाई बसेल. गिरणीत गहू टाकण्याआधी ओंजळभर तरी घरोटावर दळ. माळ्यावर आहे ना अजून? सूर लागला नाही तर उत्तम, ताईची लेक शोभशील. रात्री जागरणाला मागं भिंतीला टेकून बसू नकोस, सोमवारी पांझरा नदीवर विसर्जनाला दोन फुगड्या घाल. गुडघे माझे दुखतात, तुझे नाही.

ताईनं तुझ्यासाठी शिवायला घेतलेली गोधडी अर्धी राहिली, ती माझ्याकडेच आहे. तिनं टोचून ठेवलेली सुई अजून तिथेच आहे, जरा गंजलीय. विसर्जन झालं की जळगावला ये आणि घेऊन जा. कळण्याची भाकरी आणि ठेचा करून ठेवते.

तुझी,
मावशी